मुद्द्याचं सांग, बाई

पोलीस खात्यात मी चौतीस वर्षं काढली, त्यातली बहुतेक चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात. या भागातला पोलीस म्हटला की त्याच्याकडे गोळीबाराच्या गोष्टी असणार असं लोक धरून चालतात. माझ्याकडे त्या फारशा नाहीत. ठाण्यात दोन जातीचे हवालदार असतात, धावणारे आणि लिहिणारे. मी लिहिणारा. पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावात माझे वडील लोकांच्या धानाच्या बांधीत राबायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पाटीवरचं वाकडं अक्षर मात्र ओळखू यायचं, आणि ते पुसून पुन्हा काढायला लावायचे. त्यामुळे माझं अक्षर मोत्यासारखं झालं आणि त्या अक्षरानं मला आयुष्यभर खुर्चीवर बसवून जबाब लिहायला लावले.

जबाब म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. गुन्हा घडला की ज्यांना काही माहीत आहे त्यांना पोलीस विचारतात, आणि ते जे सांगतील ते लिहून काढतात. गंमत अशी की पोलिसांपुढच्या या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, अंगठाही नाही. कायद्यानंच मनाई आहे. शेवटी फक्त एक ओळ असते, ‘माझा वरील जबाब मला वाचून दाखविला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.’ ही ओळ लिहितो कोण? पोलीसच. म्हणजे साक्षीदाराच्या तोंडचं सगळं लिहिणाऱ्याच्या इमानावर. मी नोकरीभर ही ओळ हजारदा लिहिली असेल. प्रत्यक्ष वाचून किती वेळा दाखवलं, ते विचारू नका. एका जबाबाबद्दल मात्र विचारा, कारण तोच सांगायला बसलो आहे.

अहेरीच्या पलीकडे, आत जंगलात एक टोला आहे. टोला म्हणजे वीस-पंचवीस घरांची वस्ती. त्याचं नाव सांगत नाही. मोहफुलं वेचायचे दिवस होते. उजाडता उजाडता बायामाणसं टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. कुणाचं झाड कोणतं, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. त्या वर्षी पांडू आणि लालसू या दोघांचं एका झाडावरून भांडण झालेलं, आणि ते सगळ्या टोल्यानं ऐकलेलं. चार दिवसांनी पांडू सकाळी नाल्यात पडलेला सापडला, डोकं फुटलेलं. चंद्रपूरच्या दवाखान्यात तो कितीतरी दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आला, पण त्या सकाळचं त्याला काही आठवेना. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, बोथट वस्तूचा मार किंवा दगडावर पडणं, दोन्ही शक्य. आम्ही ‘किंवा’च्या अलीकडचं वाचलं.

त्या सकाळी नाल्याच्या आसपास एकच माणूस होतं. जैनीबाई. साठीच्या पुढची, एकटी राहणारी, टोल्याची दाई. तिला मराठी जवळपास येत नव्हतं आणि मला बाजारापुरती गोंडी येत होती. भाव करण्याइतकी. तेवढ्यावर मी स्वतःला दुभाषी समजत होतो.

पाटलाच्या अंगणात मला प्लास्टिकची खुर्ची दिली. जैनीबाई समोर जमिनीवर बसली. तिनं सुरुवात केली ती कोंबडा आरवला तिथपासून. मग टोपली, टोपलीचा तुटलेला काठ, झाडाखाली आदल्या दिवशी जाळलेला पालापाचोळा, वारा कुठून येत होता. मला पुढे आणखी तीन जबाब घ्यायचे होते. मी म्हटलं, “मुद्द्याचं सांग, बाई.” ती थांबली. मग मीच मुद्द्याचं विचारलं.

“लालसू तिकडून गेला ना?”

“इंगो,” ती म्हणाली. इंगो म्हणजे हो.

“कुऱ्हाड होती ना त्याच्या खांद्यावर?”

“इंगो.”

“पांडूच्या मागंच गेला ना?”

“इंगो.”

“त्यानंच मारलं मग?”

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि जरा वेळानं म्हणाली, “इंगो.”

दीड पान भरलं. सुरेख मराठीत, एक खाडाखोड नाही. साहेबांनी वाचून मान डोलावली. लालसूला त्याच दिवशी ताब्यात घेतलं. त्याची बायको सोमी दाराशी उभी होती, पोटुशी होती.

खटला उभा राहायला वर्ष उलटलं. तोवर लालसू तुरुंगातच. जैनीबाईंची साक्ष ज्या दिवशी होती त्या दिवशी कोर्टानं दुभाषी म्हणून एक निवृत्त गुरुजी बोलावले होते. सरकारी वकिलांनी माझ्या जबाबाप्रमाणे विचारलं, बाई इंगो म्हणत गेली. मग आरोपीचे वकील उठले. “तुम्ही लालसूला मारताना पाहिलंच नाही ना?” बाई म्हणाली, “इंगो.” कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं आणि गुरुजींना म्हणाल्या, “त्यांना विचारा, त्या सकाळी काय झालं. आणि मध्ये बोलू नका.”

जैनीबाई कोंबड्यापासून बोलायला लागली. टोपली, तुटलेला काठ, पालापाचोळा, वारा. मी साक्षीदारांच्या बाकावर बसून मनात म्हणत होतो, आता पुरे. मग गुरुजी मराठीत सांगायला लागले. लालसू कुऱ्हाड घेऊन डोंगराच्या बाजूला गेला. पांडू नंतर आला, नाल्याच्या बाजूनं. झुडपातून अस्वल उठलं. मोहाच्या दिवसांत अस्वलंही फुलं खायला येतात, हे तिकडच्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. पांडू पळाला, काठावरून पाय घसरून खाली दगडांवर पडला. अस्वल वास घेऊन निघून गेलं. बाई भीतीनं झाडाच्या बुंध्याशी बसून राहिली, मग ओरडत टोल्याकडे गेली. लोक पांडूला उचलायला धावले, तो कसा पडला ते तिला कुणी विचारलंच नाही.

“हे तुम्ही पोलिसांना का नाही सांगितलं?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

गुरुजींनी तिचं उत्तर जसंच्या तसं सांगितलं. “मी अस्वलापर्यंत आलेच नव्हते. तो थांब म्हणाला, मी थांबले.”

“आणि प्रत्येक प्रश्नाला हो का म्हणालात?”

“तो विचारत होता. मी ऐकत होते. ऐकते आहे म्हणून सांगायला नको का?”

आपण फोनवर ‘हो, हो’ म्हणत राहतो ना, तसं. शेवटचा हो तेवढा निराळा होता. तो भीतीचा होता, आणि तोही मीच वदवून घेतला होता.

लालसू सुटला. चौदा महिने झाले होते. माझ्याकडून खुलासा मागितला गेला. तपास साहेबांचा होता, पण अक्षर माझं होतं. काही महिन्यांनी माझी बदली प्रशिक्षणाकडे झाली. खात्यात ही बदली म्हणजे अडगळीत ठेवणं समजतात. ज्याचं कुठे जमत नाही तो शिकवायला. या उलट्या हिशेबाचं मला तेव्हाही नवल वाटायचं, आजही वाटतं.

मला विषय दिला जबाब लेखन. वेळ दुपारी जेवणानंतरची. सकाळी परेड करून आलेले शिपाई, पोटात भात, आणि वर पंखा. मी पहिल्याच तुकडीला जैनीबाईंचा जबाब वाचून दाखवला, नाव बदलून. “कसा आहे?” “एक नंबर, सर.” मग पुढची हकिकत सांगितली. पोरं सुन्न झाली. मला वाटलं, शिकली. आठवड्यानं सराव घेतला, तर तीच पोरं समोरच्याला विचारत होती, “तू तिथंच होता ना? तूच पाहिलं ना?”

इथून मला खरी उत्सुकता लागली. माणसाला चूक कळते, पटते, ती ऐकून त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि आठ दिवसांनी तो तीच चूक करतो. असं का होत असेल? मी वर्गात मागे बसून बघू लागलो. नेम धरायला आपण पोरांना मैदानावर नेतो, रोज नेतो, हात स्थिर होईपर्यंत. ऐकायला मात्र फळ्यावर शिकवतो. कान स्थिर करायचं मैदान कुठलं?

मी एक खेळ काढला. दोघादोघांच्या जोड्या. एकानं आपली सकाळ सांगायची, दुसऱ्यानं पंधरा मिनिटं फक्त ‘मग?’ एवढंच विचारायचं. धडधाकट पोरं कासावीस व्हायची. एक जण मला म्हणाला, “सर, तोंड बंद ठेवून असं वाटून राह्यलं की ड्युटीच करून नाई राह्यलो.” मला ते वाक्य फार मोलाचं वाटलं. मध्ये तोडणं हेच आपलं काम, असं आम्ही मानत होतो. तरीही खेळ तो खेळच. समोर ओळखीचा मित्र, त्याचं बोलणं समजायला काय अडतंय? तेव्हा एके दिवशी डोक्यात आलं की जैनीबाईंनाच बोलवावं.

मनात आल्यावर जायला मला दोन महिने लागले. कारण टोल्यात लालसू होता.

गेलो तो गणवेश न घालता, अहेरीहून बसनं आणि पुढे पायी. लालसू अंगणात बांबू सोलत होता. मला ओळखलं. उठला नाही, पण पळालाही नाही. मी म्हटलं, “लालसूभाऊ, मी रामटेके हवालदार.”

“माहीत हाये,” तो म्हणाला. अस्सल चंद्रपुरी मराठीत.

मी चकित झालो. अटकेच्या वेळी त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. “मराठी कुठी शिकला?”

“तुमच्याच जेलमंधी शिकलो. आनखी काय काम होतं तिथी?”

मी काय म्हणायला आलो होतो ते सगळं विसरलो. म्हटलं, “माझ्यानं चुकलं.” तो बांबू सोलत राहिला. मग मी येण्याचं कारण सांगितलं. बुढीला वर्गात आणायचं, नवे पोलीस तिला प्रश्न विचारतील, कसे विचारू नये ते तिच्यापुढे शिकतील.

“तिले पुन्हा पोलिसापुढं बसवता?”

“खुर्चीवर बसवतो. पोलीस उभे राहतील.”

तो उठला आणि टोल्याच्या टोकाला असलेल्या एका झोपडीकडे घेऊन गेला. दारातूनच गोंडीत तिला सगळं सांगितलं. मला त्यातलं निम्मं कळलं. तिनं काही विचारलं, त्यानं उत्तर दिलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, “येते म्हनते. पन मी संगं येईन. आन् ती बोलून राह्यली असन तं कोनी तिले थांबवाचं नाई. तुमी बी नाई.”

वर्गाच्या आदल्या दिवशी मी जैनीबाईंना एवढंच कळवलं होतं की मनात एक गोष्ट धरून या. कोणतीही. मला सांगू नका, पोलिसांना शोधू द्या. मला वाटलं, हरवलेली बकरी वगैरे असेल.

वर्गात ती खुर्चीवर टेकेना. शेवटी भिंतीला पाठ लावून खालीच बसली. लालसू शेवटच्या बाकावर. पहिला उठला तो प्रवीण, तुकडीतला सगळ्यात हुशार शिपाई. दुभाषी घेऊन त्यानं पाच मिनिटांत भराभर प्रश्न विचारले आणि सगळ्यांच्या शेवटी ‘ना’. बाई प्रत्येकाला इंगो म्हणाली. त्याच्या कागदाप्रमाणे तिला तीन मुलगे होते आणि धाकट्यानं तिला घराबाहेर काढलं होतं. लालसू मागून शांतपणे म्हणाला, “तिले लेकरूच नाई.” प्रवीणचं तोंड उतरलं. दुसरा आला तो मोठ्यानं बोलायला लागला, जणू भाषा न कळणं म्हणजे ऐकू न येणं. त्याला उत्तरच मिळालं नाही.

तिसरी सुनंदा उठली. अहेरीकडचीच, अबोल मुलगी. तिच्या घरी गोंडी बोलत, पण शाळेत पोरं हसायची म्हणून तिनं ती भाषा चारचौघांत बोलणं सोडलं होतं. हे मला नंतर कळलं. तिनं बूट काढले, टोपी काढली, बाईंच्या शेजारी भिंतीला टेकून बसली आणि गोंडीत एकच वाक्य बोलली. “तुम्हाला जिथून वाटेल तिथून सांगा, मावशी.”

बाई गप्प. सुनंदाही गप्प. पोरं चुळबुळायला लागली. माझ्या जिभेच्या टोकावर आलं, अगं काहीतरी विचार. दातांखाली जीभ धरली. खिडकीबाहेर परेडच्या शिट्ट्या वाजत होत्या. इतका वेळ गप्प बसलेल्या दोन बाया मी पोलिसांच्या खोलीत कधी पाहिल्या नव्हत्या.

मग जैनीबाई बोलायला लागली. पावसाळा होता, तिथून. रस्ता चिखलाचा. दुभाषी माझ्या कानाशी हळू सांगत होता. लालसूला नेल्यावर टोला तिच्याशी बोलेनासा झाला. तूच पोलिसाला हो म्हणालीस, असं म्हणत. ती सांगायची, मी अस्वलाचं सांगणार होते. लोक म्हणायचे, मग सांगितलं का नाही? पुढच्या साली मोह वेचायला बाया घोळक्यानं जात, अस्वलाच्या भीतीनं. तिला कुणी हाक मारली नाही. ती एकटी गेली, हातात पत्र्याचा डबा वाजवत.

पण तिनं मनात धरलेली गोष्ट ही नव्हती. ती लालसूला नेलं त्याच वर्षीच्या पावसाळ्यातली होती. सोमीचे दिवस भरले. टोल्यातलं प्रत्येक लेकरू जैनीबाईंच्या हातावर आलेलं. तिला कण्हणं ऐकू आलं तशी ती गेली. पण सोमीनं तिला आत घेतलं नाही. शेजारच्या गावाहून दुसरी दाई आणली.

ती बोलायची थांबली तेव्हा सुनंदानं “मग?” एवढंही विचारलं नाही. तिनं कागद घेतला आणि लिहिलं. लिहून झाल्यावर ती ओळीनं गोंडीत वाचून दाखवू लागली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी जबाब खरोखर वाचून दाखवला जाताना ऐकत होतो. ‘मी रडत घरी परत गेले,’ इथं आल्यावर जैनीबाईंनी हात वर केला.

दुभाषी म्हणाला, “ती सांगते, हे चूक आहे. मी रडले नाही आणि घरीही गेले नाही. दाराबाहेर पावसात उभी राहिले. आतून लेकराचा आवाज आला, मग गेले.”

सुनंदानं ती ओळ खोडली आणि नवी लिहिली. चाळीस पोलीस बघत होते. मी लालसूकडे पाहिलं. त्याचं डोकं बाकावर टेकलं होतं.

त्याला हे माहीत नव्हतं. दुसरी दाई आणली हे माहीत होतं, पण बुढी बाहेर उभी होती, हे नव्हतं. सोमीलाही नसणार. पाऊस होता, दार लोटलेलं होतं, कोण बघतं?

त्या तुकडीला मी परीक्षेत काही वेगळं विचारलं नाही. सगळ्यांनाच त्या दिवशी गुण देऊन टाकले, प्रवीणला सगळ्यात जास्त. तो उठून म्हणाला होता, “सर, मले आनखी एकदा बसू द्या तिच्याजवळ.” मला वाटलं, हीच परीक्षा.

याचा उपयोग किती झाला, ते मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही. सुनंदा आता एका ठाण्यात लेखनिक आहे. तिनं घेतलेल्या जबाबांत खाडाखोड फार असते अशी तिच्या साहेबांची तक्रार आहे. मला ऐकून बरं वाटलं. प्रवीण धावणाऱ्यांत गेला. वरून आता जबाबाचं मोबाईलवर रेकॉर्डिंग करायची सोय आली आहे. चांगलं आहे. पण मध्येच थांबवलेल्या बाईचं रेकॉर्डिंगही थांबवल्याजागीच संपणार, एवढं मी नव्या पोरांना सांगून ठेवलं आहे. माझ्या निवृत्तीनंतर तो तास वेळापत्रकातून गेला. त्याला वेळापत्रकात कधी नावच नव्हतं, म्हणून गेला तेही कुणाला कळलं नाही. मी लेखी नाव द्यायला हवं होतं. लिहिणारा माणूस आणि तेवढंच लिहायचं राहिलं.

तो पहिला तास झाला त्या दिवशी अहेरीच्या बसची वाट बघताना लालसू माझ्याजवळ आला. जैनीबाई थोड्या अंतरावर सुनंदाशी बोलत होती, हातवारे करून.

“पुढच्या वेळी कवा हाये हे?”

“नवी तुकडी आली की. तीन-चार महिने.”

“सोमीले आनतो,” तो म्हणाला. “मी सांगून तिले पटनार नाई. तिले ऐकू द्या.”

पुढच्या तुकडीला ते तिघं आले, सोबत अडीच वर्षांची मुलगी. सोमी सगळ्यात मागे बसली, मुलगी मांडीवर, आणि वर्गभर जमिनीकडे बघत होती. जैनीबाईंनी तीच गोष्ट सांगितली, कारण तिला तीच सांगायची होती. या खेपेला ती तिच्याकडून काढून घेता आली एका यवतमाळच्या पोराला, दुभाष्याच्या मदतीनं, आणि त्यानंही वाचून दाखवली.

तास संपला. पोरं बाहेर पडली. सोमी उठली, मुलगी लालसूकडे दिली आणि भिंतीपाशी गेली. जैनीबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठायच्या बेतात होती. सोमीनं खाली वाकून तिची पिशवी उचलली, स्वतःच्या खांद्याला लावली आणि दुसरा हात तिला धरायला पुढे केला. मग दोघी मैदानाच्या कडेकडेनं बस थांब्याकडे चालत गेल्या.